नवे ग्राफिक्स कार्ड बसवूनही फ्रेमरेट जागचा हलत नाही. प्रोसेसर तर निम्माच वापरला जातो आहे

वऱ्हाडी_गेमर

नमस्कार मंडळी. सहा वर्षांपूर्वी जोडून घेतलेल्या माझ्या संगणकात गेल्या महिन्यात मी जुने जीटीएक्स १०५० टीआय काढून आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचे कार्ड बसवले. बाकी सारे पूर्वीचेच आहे : रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा एसएमपीएस आणि विंडोज ११. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झचा आहे.

सायबरपंक २०७७ हा खेळ जुन्या कार्डावर लो सेटिंगला कसाबसा सेकंदाला ३० फ्रेमनी (चित्रांनी) चालत असे. नव्या कार्डावर तो हाय सेटिंगला ७०-८० फ्रेम तरी देईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात शहराबाहेर बरा चालतो, पण गर्दीच्या बाजारपेठेत शिरलो की ४४ ते ४७ च्या पुढे सरकत नाही, आणि मध्येच हिसकेही बसतात. वैतागून सगळे सेटिंग लोवर आणून पाहिले, तरी आकडा तोच. डीएलएसएस चालू केले, तरी तोच. फ्रेमरेट मॉनिटरच्या वेगाशी बांधणारे व्ही-सिंक बंद आहे, फ्रेमवर कुठलीही मर्यादा घातलेली नाही, आणि ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाकून झाले आहेत.

मला न सुटणारे कोडे असे की, टास्क मॅनेजरमध्ये त्या वेळी प्रोसेसर ५० ते ५५ टक्के आणि ग्राफिक्स कार्ड ५५ ते ६० टक्के दिसते. दोघेही निम्म्याच ताकदीने काम करत असतील तर अडते आहे कुठे? एक मित्र म्हणतो की कार्डच सदोष आहे, दुसरा म्हणतो की प्रोसेसर बॉटलनेक, म्हणजे बाकीच्यांना अडवणारा, आहे. पण निम्मा रिकामा असलेला प्रोसेसर बॉटलनेक कसा असेल? नवीन खर्च करण्यापूर्वी नक्की कळले तर बरे होईल.

सोल्डरगन

कार्ड सदोष असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. निदानासाठी सर्वांत उपयोगी असलेली चाचणी तुम्ही स्वतःच करून बसला आहात, फक्त तिच्याकडे तुमचे लक्ष गेलेले नाही. हायवरून लोवर उतरल्यावर किंवा डीएलएसएस चालू केल्यावर ग्राफिक्स कार्डावरचे काम बरेच हलके होते. काम हलके करूनही फ्रेमरेट तसाच राहत असेल, तर अडवणूक कार्डाकडून होत नाही, हे उघड आहे. डीएलएसएस चित्र कमी रिझोल्यूशनवर काढून मग मोठे करते. त्यामुळे वेळ वाचतो तो कार्डाचा, प्रोसेसरचा नव्हे.

आता त्या ५० टक्क्यांबद्दल. तुमच्या प्रोसेसरमध्ये ६ कोर (काम करणारे स्वतंत्र भाग) आणि १२ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) आहेत, आणि टास्क मॅनेजर दाखवतो तो आकडा या बाराही थ्रेडांची सरासरी असतो. म्हणजे एखादा थ्रेड पूर्णपणे जुंपलेला असला तरी एकूण आकड्यात त्याची भर पडते ती जेमतेम ८.३ टक्क्यांची. खेळातली बरीच कामे अनेक थ्रेडांमध्ये वाटता येतात, पण प्रत्येक फ्रेममध्ये काय घडले याचा हिशेब लावणे आणि कोणती वस्तू कुठे काढायची याच्या आज्ञा ड्रायव्हरमार्फत कार्डाकडे धाडणे, यातला मोठा भाग एकामागून एकच करावा लागतो आणि तो एक-दोन थ्रेडांवर येऊन पडतो. शिवाय विंडोज तोच थ्रेड सतत या कोरवरून त्या कोरवर हलवत असते. त्यामुळे बारा वेगवेगळे आलेख उघडले तरी त्यांतला एकही सलग १०० टक्क्यांवर दिसेलच असे नाही.

घरी पंगत आहे असे समजा. तवा मोठा आणला आहे, भाजणारा हात तरबेज आहे, पण लाटायला एकच जण बसली आहे. पाणी भरायला, पाने मांडायला आणखी दहा माणसे आहेत आणि त्यांतली निम्मी हात बांधून उभी आहेत. तरीही लाटून होईपर्यंत तव्यावर टाकायला पोळी नाही. स्वयंपाकघरात सरासरी किती माणसे कामात आहेत हे मोजून पोळ्या का कमी पडताहेत ते कधीच कळणार नाही. तवा किती वेळ रिकामा राहतो आहे, ते पाहावे लागते.

म्हणून टक्क्यांऐवजी वेळेत विचार करा. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. तुम्हाला ४५ मिळताहेत, म्हणजे एका फ्रेमला सुमारे २२ मिलिसेकंद लागताहेत. त्यातले साधारण १३ मिलिसेकंद कार्ड काम करते आणि उरलेला वेळ पुढच्या आज्ञांची वाट पाहत बसते. तुमचा ५५ ते ६० टक्क्यांचा आकडा असाच येतो. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच टिकले असते तर मी म्हटले असते की कार्डाची मर्यादा आली.

खात्री करण्यासाठी आफ्टरबर्नर या प्रोग्रामसोबत येणारे रिवाट्यूनर चालू करून फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागणाऱ्या वेळाचा) आलेख पडद्यावर आणा, किंवा प्रेझेंटमॉन हा मोजमापाचा प्रोग्राम वापरा. त्यात ‘जीपीयू बिझी’ नावाचे मोजमाप असते, म्हणजे फ्रेमच्या एकूण वेळातला किती वेळ कार्ड खरोखर कामात होते ते थेट दिसते. मोजताना दर वेळी तोच सेव्ह, तीच गल्ली आणि तेच एक मिनिट घ्या. नाहीतर आज गर्दी जास्त होती की उद्या कमी, यावरच आपण वाद घालत बसू.

पायरसन_नाही

एक शंका. मॉनिटरची केबल नव्या कार्डाऐवजी चुकून मदरबोर्डला लावलेली नाही ना? माझ्या आतेभावाने तीन आठवडे तसेच खेळून काढले होते.

सोल्डरगन

शंका रास्त आहे, पण इथे ती लागू होत नाही. रायझन ५ २६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्सच नाही, त्यामुळे मदरबोर्डला केबल लावली असती तर पडदा काळाच राहिला असता.

रात्रपाळी

वरचे स्पष्टीकरण योग्य आहे, पण ‘प्रोसेसर अडवतो आहे’ एवढ्यावर थांबून नवा प्रोसेसर घ्यायला निघू नका. प्रोसेसर अडतो म्हणजे बऱ्याचदा तो आकडेमोड करत नसतो, तर रॅममधून माहिती येण्याची वाट पाहत असतो, आणि टास्क मॅनेजर ही वाट पाहणेसुद्धा ‘काम’ म्हणूनच मोजतो. लाटणारी मंद नसेलही. कणकेचा गोळा माजघरातून एकेक आणून दिला जात असेल तर ती तरी काय करणार?

तुम्ही १६ जीबी रॅम लिहिली आहे, पण ती एका स्टिकची (पट्टीची) आहे की दोन स्टिकची, कोणत्या स्लॉटमध्ये आहे आणि प्रत्यक्षात कोणत्या वेगाने चालते आहे, हे लिहिलेले नाही. या तीन गोष्टींचा रायझनच्या जुन्या पिढ्यांवर फार परिणाम होतो. २६०० मध्ये सहा कोर तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले आहेत आणि प्रत्येक गटाला स्वतःची ८ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच छोटी पण वेगवान स्मृती, आहे. एका गटाला दुसऱ्या गटातली माहिती हवी असली की ती इन्फिनिटी फॅब्रिक नावाच्या अंतर्गत रस्त्याने आणावी लागते, आणि या रस्त्याचा वेग रॅमच्या वेगाशी बांधलेला आहे. रॅम मंद म्हणजे हा रस्ताही मंद.

सीपीयू-झेड हा संगणकाची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडा आणि मेमरीच्या पानावर चॅनेल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधले रस्ते, किती आहेत आणि वारंवारिता किती आहे ते पाहून इथे लिहा. तिथे दिसणारा मेगाहर्ट्झचा आकडा डब्यावर छापलेल्या आकड्याच्या निम्मा असतो, त्याने दचकू नका. टास्क मॅनेजरमध्ये वेग आणि वापरलेले स्लॉट दिसतात, पण चॅनेल दिसत नाहीत. बरेच जण ‘४ पैकी २ स्लॉट’ वाचून ड्युअल चॅनेल आहे असे समजतात आणि तिथेच फसतात.

प्रोसेसरचे तापमानही पाहून घ्या. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे. विदर्भातल्या मे महिन्यात, सहा वर्षांच्या वाळलेल्या थर्मल पेस्टवर, तो तिथपर्यंत पोहोचून आपला वेग स्वतःच कमी करत असेल तर नवल नाही.

वऱ्हाडी_गेमर

दोघांचेही आभार. रात्री बसून सगळे मोजले.

तापमान ७६ अंशांच्या वर गेले नाही, तेव्हा तो प्रश्न निकालात निघाला. बाजारपेठेतल्या एका ठरावीक फेरीत सरासरी ४६ फ्रेम मिळाल्या, सर्वांत वाईट एक टक्का फ्रेमचा आकडा ३१ आहे. प्रेझेंटमॉनमध्ये फ्रेमचा वेळ सुमारे २२ मिलिसेकंद आणि त्यात कार्ड कामात १२ ते १३. सोल्डरगन यांनी न पाहताच जवळजवळ हाच आकडा सांगितला होता, याची गंमत वाटली.

पण खरी बातमी रॅमची आहे. सीपीयू-झेडमध्ये चॅनेल ‘सिंगल’ दिसतो आणि वारंवारिता ११९७, म्हणजे २४०० चा वेग! माझ्याकडे ८ जीबीच्या दोन स्टिक आहेत आणि दोन्हींच्या वेष्टनावर ३२०० लिहिलेले आहे. पहिली संगणकासोबतच आली होती. दुसरी मी दोन वर्षांनी स्वतः घेतली आणि पहिलीच्या शेजारी जो स्लॉट रिकामा दिसला त्यात बसवून मोकळा झालो. संगणकात १६ जीबी दिसायला लागले, त्यामुळे सगळे ठीक आहे असेच इतकी वर्षे समजत होतो. माझ्या बोर्डावर चारही स्लॉट काळे आहेत, रंगावरून काही कळायला मार्ग नाही.

रात्रपाळी

शेजारी-शेजारी बसवल्यामुळे दोन्ही स्टिक एकाच चॅनेलवर आल्या आहेत. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरच्या बाजूने मोजत गेले की पहिले दोन स्लॉट एका चॅनेलचे आणि पुढचे दोन दुसऱ्याचे असतात. दोनच स्टिक असतील तर त्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. स्लॉटच्या कडेला बारीक अक्षरांत ए२ आणि बी२ असे छापलेले सापडेल. बोर्डाची पुस्तिका वेगळे काही सांगत असेल तर पुस्तिकेचे ऐका.

यात तुमचे किती नुकसान होते आहे ते पाहा. २४०० च्या वेगाने एक चॅनेल सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी माहिती देऊ शकतो. तीच रॅम दोन चॅनेलवर २९३३ च्या वेगाने चालली तर ही क्षमता ४६.९ जीबी होते, आणि फॅब्रिकही १२०० वरून साधारण १४६६ मेगाहर्ट्झवर जाते.

संगणक बंद करून, एसएमपीएसच्या मागचे बटणही बंद करून, स्टिक हलवा. दोन्ही टोकांना ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबा. नवखी माणसे एक टोक अर्धवट ठेवतात आणि मग पडदा काळा आला की घाबरतात. त्यानंतर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला वेष्टनावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा. एएमडीच्या बोर्डांवर कंपनीनुसार याला ए-एक्सएमपी किंवा डीओसीपी असेही म्हणतात. हे चालू केल्याशिवाय रॅम वेष्टनावरच्या वेगाने सहसा धावत नाही, आणि बायोसची सेटिंग पुसली गेली की ती परत मूळ मंद वेगावर येते.

तुमच्या दोन स्टिक वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या आहेत, तेव्हा ३२०० ला त्या एकमेकींशी जुळतीलच असे नाही. या प्रोसेसरसाठी एएमडीने अधिकृतपणे २९३३ पर्यंतचाच वेग सांगितलेला आहे. ३२०० ला संगणक सुरू झाला नाही, तर बोर्ड दोन-तीनदा आपोआप चालू-बंद होऊन मूळ सेटिंगवर परतेल. तोवर धीर धरा, वायर ओढू नका. मग हाताने २९३३ निवडा आणि रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवून एकही चूक येत नाही ना ते पाहा. एक चूक आली तरी वेग आणखी खाली आणा, कारण सदोष रॅमवर चालणारे विंडोज हळूहळू फाइली बिघडवत जाते आणि तो दोष फ्रेमरेटपेक्षा फार महागात पडतो.

वऱ्हाडी_गेमर

सांगितले तसेच घडले. ३२०० ला बोर्ड तीनदा चालू-बंद झाला, माझ्या छातीत धस्स झाले, पण परत आला. २९३३ ला व्यवस्थित चालतो आहे आणि मेमटेस्टच्या चार फेऱ्या एकही चूक न येता पार पडल्या.

त्याच गल्लीत, त्याच फेरीत आता सरासरी ५८ फ्रेम आहेत. सर्वांत वाईट एक टक्का ३१ वरून ४४ वर आला, आणि मला विचाराल तर हाच फरक जास्त जाणवतो. वळणावर गाडी आता हिसके देत नाही. कार्डाचा वापर ७० ते ७५ टक्के दिसतो. एक रुपयाही खर्च झालेला नाही.

म्हणजे प्रोसेसर अजूनही थोडा अडवतोच आहे. याहून पुढे जायचे असेल तर काय करावे? मदरबोर्ड बदलण्याची माझी तयारी नाही.

सोल्डरगन

उत्तम. सेटिंगपासून सुरुवात करतो, कारण इथे लोक नेमके उलटे करतात. टेक्स्चर, सावल्यांची रेखीवता, प्रतिबिंबे यांचा भार मुख्यतः कार्डावर असतो आणि तुमचे कार्ड पाव भाग रिकामे आहे, तेव्हा ती खाली आणून काही मिळणार नाही. उलट वाढवली तरी चालतील. प्रोसेसरवर भार टाकतात ती गर्दी, दूरवर काय काय दिसावे याचे अंतर, आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढणे), कारण हलणाऱ्या वस्तूंची रचना त्याला दर फ्रेमला नव्याने बांधावी लागते. या खेळात गर्दीचे प्रमाण बदलण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. ते मध्यमवर आणा आणि रे ट्रेसिंग बंदच ठेवा. त्यानंतर रिवाट्यूनरमध्ये ५५ ची मर्यादा घाला. सरासरी तीनने घटेल, पण फ्रेमटाइमची रेघ सरळ होईल, आणि ४५ ते ७० मध्ये हेलकावे खाणाऱ्या खेळापेक्षा स्थिर ५५ चा खेळ मला तरी केव्हाही चालतो.

विंडोजच्या सुरक्षा विभागात कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटेग्रिटी (विंडोजच्या गाभ्यात घातक कोड शिरू न देणारे संरक्षण) चालू आहे का तेही पाहा. या संरक्षणाला लागणारी हार्डवेअरची मदत रायझनच्या ३००० मालिकेपासून, म्हणजे झेन २ पासून, मिळते. तुमच्या त्याआधीच्या झेन+ पिढीच्या प्रोसेसरला तेच काम सॉफ्टवेअरने ओढावे लागते, त्यामुळे त्याची किंमत जास्त पडते. ती बंद केली तर वेग काहीसा वाढेल. पण याच संगणकावर बँकेचे व्यवहार होत असतील, किंवा कुठूनही मिळालेले सॉफ्टवेअर टाकण्याची सवय असेल, तर मी ती बंद करणार नाही.

प्रोसेसरच बदलायचा झाला तर बी४५० वर तुमच्यासमोर चांगले पर्याय आहेत, आणि एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) घेतल्याचे समाधान याच वेळी वाटते. २०२२ साली आलेल्या रायझन ५ ५६०० मध्ये कोर सहाच आहेत, पण ते दोन गटांत न विभागता एकत्र आहेत आणि सगळ्यांना मिळून ३२ एमबी एल३ कॅश आहे. आपण वर ज्या दुखण्याची चर्चा केली त्यावरचे हे थेट औषध. ५८००एक्स३डी आणि ५७००एक्स३डी यांच्यात आठ कोर आणि ९६ एमबी कॅश आहे, पण आरटीएक्स ३०६० सोबत १०८०पी ला ५६०० पुरेसा आहे, त्याहून वरचा पैसा या कार्डावर वाया जाईल. बी४५० वर कार्ड जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस मार्गाची ३.० आवृत्तीच मिळते, याची काळजी करू नका. हे कार्ड सोळा लेनचे आहे, फरक नगण्य पडतो.

रात्रपाळी

प्रोसेसर बदलणार असाल तर क्रम चुकवू नका. जुना २६०० बसलेला असतानाच बोर्डाचे बायोस अद्ययावत करा. नवा प्रोसेसर आधी बसवला आणि बायोस जुने असेल तर पडद्यावर काहीच येणार नाही, आणि मग जुना परत बसवण्याचा खटाटोप. बोर्डाच्या संकेतस्थळावर प्रोसेसरांची यादी असते, तीत ५६०० समोर कोणती बायोस आवृत्ती लिहिली आहे ते पाहून घ्या.

बायोस लिहिले जात असताना लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर काय होते ते मी सांगायला नको. यूपीएसवर संगणक असल्याशिवाय हे काम हाती घेऊ नका. ड्राइव्हवर बिटलॉकर (माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी ते तात्पुरते थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, कारण प्रोसेसरमधला एफटीपीएम, म्हणजे त्या कुलपाच्या किल्ल्या जपणारा भाग, बदलला की विंडोज ती मागते.

अद्ययावत बायोसचा आणखी एक फायदा तुम्हाला कदाचित आत्ताच होईल. काही रायझन संगणकांत एफटीपीएममुळे मधूनच सगळे क्षणभर गोठते, हे एएमडीने मार्च २०२२ मध्ये मान्य केले आणि त्यावरचा उपाय त्यानंतरच्या बायोसांमधून दिला. तुमचे बायोस सहा वर्षांत बदललेले नसेल, तर उरलेसुरले हिसके त्यातलेही असू शकतात.

आणि जुना प्रोसेसर काढताना कूलर सरळ वर ओढू नका. पेस्ट वाळलेली असली की सॉकेटची कळ लागलेली असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. आधी दहा मिनिटे खेळ चालवून तो गरम करा, मग संगणक बंद करून कूलर हलकेच डावी-उजवीकडे पिळत सोडवा.

वऱ्हाडी_गेमर

बायोसवरची तारीख पाहिली, २०१९ ची निघाली. शेजाऱ्यांकडून यूपीएस मागून आणून काल संध्याकाळी ते अद्ययावत केले. गर्दी मध्यमवर आणि ५५ ची मर्यादा घालून दोन तास खेळलो, फ्रेमटाइमची रेघ १८ मिलिसेकंदांवर जवळजवळ सपाट आहे आणि ते क्षणभर गोठणे एकदाही झाले नाही. मेमरी इंटेग्रिटी चालूच ठेवली आहे, कारण वडील याच संगणकावरून वीजबिल भरतात. ५६०० चा विचार आता दिवाळीपर्यंत पुढे ढकलतो.

बायोस बदलल्यावर रॅम परत २४०० वर गेली होती. रात्रपाळी यांनी आधीच सांगून ठेवले होते, म्हणून खेळ सुरू करण्याआधी ती तपासली आणि पुन्हा २९३३ वर लावली.